चालतंय ना, मग हात लावू नका

सुरतेत एखाद्या शेठला "तुमच्याकडे माणसं किती?" असं विचारलं, तर विचारणारा कोण आहे हे बघून आकडा ठरतो. पीएफच्या साहेबांसाठी एकोणीस, कारण विसावा माणूस आला की कायदा लागू होतो. मुलासाठी स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांसाठी साठ. उधारी मागायला आलेल्या यार्नवाल्यासाठी, "कोण राहिलंय आता? मी आणि हे मेहताजी." पण या तिन्ही आकड्यांत एक नोकर कधीच धरलेला नसतो. तो चोवीस तास ड्युटीवर असतो, पगार घेत नाही, दिवाळीला बोनस मागत नाही, उन्हाळ्यात लग्नासाठी गावी जाऊन महिनाभर गायब होत नाही. कपाटाच्या डोक्यावर जुनी कॅलेंडरं आणि काडी मोडलेली छत्री यांच्या मध्ये तो हिरवे दिवे लुकलुकवत पडून असतो. त्याला स्विच म्हणतात. त्यातही लहान ऑफिसांच्या वाट्याला येतो तो अनमॅनेज्ड स्विच. त्याला पासवर्ड नाही, सेटिंग नाही, स्क्रीन नाही, बहुतेकदा चालू-बंदचं बटणसुद्धा नाही. वायर खुपसली की चालू. पाच पोर्टांचा हजार-बाराशेत मिळतो आणि त्यातही शेठ शंभर रुपये कमी करून घेतात.

पार्टटाइम अकाउंट लिहिणं हा माझा धंदा असल्यामुळे हा नोकर मला ठिकठिकाणी भेटतो. सकाळी महिधरपुऱ्यातलं हिऱ्याचं ऑफिस, दुपारी रिंग रोडच्या मार्केटातला साडीचा व्यापारी आणि मधूनमधून पांडेसऱ्याचा लूमचा कारखाना. तापीच्या काठाकाठाने खानदेशातून जी माणसं इथे आली त्यांतलाच मी एक. तापी पुढे डुमसपाशी समुद्राला मिळते. आमची मंडळी अलीकडेच डिंडोली-लिंबायतला थांबली.

महिधरपुऱ्यात हा स्विच देवाच्या फळीवर आहे, लक्ष्मीच्या डाव्या हाताला. पांडेसऱ्यात तो हजेरीच्या मशीनमागे खिळ्याला टांगलाय. साडीवाल्या शेठनी मात्र त्याची खास सोय केली आहे. इंजिनिअर म्हणाला होता, भिंतीवर लोखंडी रॅक लावा. रॅकचा भाव ऐकून शेठनी आतून साडीचा एक पांढरा खोका मागवला, त्याला कात्रीने वायरींपुरती भोकं पाडली आणि स्विच त्यात बसवला. खोक्यावर सोनेरी पदराची नटी अजून हसते आहे आणि तिच्या कमरेतून सात निळ्या वायरी बाहेर आल्या आहेत.

आता कापडाच्या धंद्यात याचं काय काम, असं कोणी विचारेल. 2017च्या जुलैत इथल्या कापडवाल्यांनी जीएसटीच्या विरोधात मार्केटं बंद ठेवली होती. आता त्याच मार्केटात ई-वे बिल निघाल्याशिवाय मोठं पार्सल ट्रान्सपोर्टला जात नाही, नेटशिवाय ई-वे बिल निघत नाही आणि बिलिंगच्या तीन कॉम्प्युटरांपर्यंत नेट पोचवतो तो हा खोक्यातला नोकर. तो बसला की खाली हातगाडीवर गाठी, वर शेठ आणि मध्ये मी, असे सगळेच खोळंबतात. असून कोणाला दिसत नाही, नसला की मात्र घोषणा करावी लागत नाही.

सुरती माणसाला स्विच समजावून सांगायचा तर आंगडियाइतकं चांगलं उदाहरण नाही. आंगडियाला हिऱ्यांचं पुडकं दिलं की आत काय आहे हे तो विचारत नाही. कोणाचं कोणाला एवढंच बघतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला नेऊन देतो. कॉम्प्युटरही एकमेकांशी पुडक्यापुडक्यांनीच बोलतात. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता 48 बिटांचा, मशीन बनतानाच कारखान्यात चिकटवलेला. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. ऑफिसात कोण कुठे बसतं हे स्विचला कोणीच सांगितलेलं नसतं. पुडकं कोणत्या दारातून आत आलं ते बघून तो आपल्या मनाशी टिपून ठेवतो: बिलिंगवाला तीन नंबरच्या दारामागे, प्रिंटर पाचच्या. घेणारा ओळखीचा नसेल तर तो ते पुडकं सगळ्या दारांवर नेतो. ज्याचं असेल तो ठेवून घेतो, बाकीचे टाकून देतात. आणि कोणी साधारण पाच मिनिटं गप्प बसला तर बहुतेक स्विच त्याला विसरून जातात. आंगडिया असा विसरला तर त्याला महिधरपुऱ्यात परत पाय ठेवता येणार नाही. स्विचचं भागतं, कारण पुढचं पुडकं आलं की त्याची ओळख पुन्हा होते. वीज काढून लावली की सगळ्याच ओळखी कोऱ्या. डोकं अडकलं असेल तर तेही सुटतं, म्हणून "बंद करून चालू कर" हा सल्ला ऐकायला कितीही बिनडोक वाटला तरी देणाऱ्याची इज्जत सहसा राखतो.

हा प्रकार फार जुना नाही. ईथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी 1973 साली कागदावर मांडली. त्यानंतर पुष्कळ वर्षं ऑफिसांमध्ये एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जायचं. ज्याचं त्याला नेऊन देणारा पहिला ईथरनेट स्विच 1990 साली बाजारात आला. तो बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव होतं कल्पना. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी कंपनीला बायकोचं नाव दिलं होतं. आमच्या रिंग रोडवर बायकोच्या नावाने चालणाऱ्या फर्मांना तोटा नाही, पण त्यांतलं बहुतेक प्रकरण इन्कम टॅक्सशी निगडित असतं. 1994 साली सिस्कोने कल्पना विकत घेतली. ही हकिकत मी साडीवाल्या शेठना सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केटलामां?" किती कोटींत गेली?

दिव्यांविषयी शेठचं स्वतःचं एक शास्त्र आहे. दिवा नुसता लागलेला असला म्हणजे वायर जोडलेली आहे, लुकलुकला म्हणजे पुडकी जाताहेत, इतकंच त्याचं म्हणणं असतं. शेठ त्यावरून मंदी-तेजी ओळखतात. दुपारी जेवणाच्या वेळी दिवे संथ झाले की ते कपाटाकडे बघून "आज ठंडुं छे" म्हणतात. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

या सगळ्यात फायबर आलं ते कानामागून येऊन तिखट झाल्यासारखं. तांब्याच्या वायरीला 100 मीटरची हद्द आहे, त्यापुढे तिच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. पांडेसऱ्याला गेटवरच्या ऑफिसपासून लूमच्या शेडपर्यंतचं अंतर या हद्दीच्या बरंच बाहेर. तिथल्या शेठनी त्यावर काढलेला तोडगा असा, की मध्यावर जे कडुनिंबाचं झाड आहे त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक स्विच टांगायचा. तत्त्वतः हे बरोबर आहे. मध्ये स्विच आला की पुढचे 100 मीटर नव्याने मोजायचे असतात. झाडाला ते मंजूर होतं, कावळ्यांनाही होतं. पावसाळ्याचं मात्र कोणी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी जवळपास कुठेतरी वीज पडली आणि तांब्याच्या त्या तारेने आपलं कर्तव्य चोख बजावलं. झाडावरचा स्विच, ऑफिसातला स्विच, शेडमधला कॉम्प्युटर आणि हजेरीचं मशीन, सगळी एका रांगेत गेली. दुसऱ्या दिवशी ओडिशाच्या गंजामहून आलेले सगळे कारागीर तोंडी हजर होते. आठवडाभर तोंडी हजेरीच चालली आणि त्या आठवड्यात कारखान्यात एकही गैरहजर नव्हता, असं माझं पगारपत्रक सांगतं.

मग फायबर टाकायचं ठरलं. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून वीज पडो की लूमच्या मोटरी खडखडोत, तिला सोयरसुतक नाही. स्विचही नवा घेतला. आठ पोर्ट तांब्याचे आणि शेवटी एक रिकामं चौकोनी बीळ. या बिळात बोटाएवढं मॉड्यूल खुपसायचं असतं, तेच विजेचा उजेड आणि उजेडाची वीज करतं. त्याला एसएफपी म्हणतात. एकाच काचेच्या तारेवरून जायचं-यायचं असेल तर ही मॉड्यूलं जोडीने घ्यायची असतात आणि जोडी उलटी असावी लागते. एक 1310 नॅनोमीटरवर बोलणारं आणि 1550वर ऐकणारं, दुसरं 1550वर बोलणारं आणि 1310वर ऐकणारं. दुकानदाराने शेठवरच्या प्रेमापोटी निवडून निवडून दोन्ही एकसारखी दिली होती. "एकदम सेम टु सेम, शेठ, एकाच लॉटमधली." साडीच्या धंद्यात एका लॉटमधला माल मिळणं ही केवढी मोठी गोष्ट! दोन दिवस दोन्ही मॉड्यूलं एकाच सुरात बोलत राहिली आणि ऐकायला कोणी नव्हतं.

ही गोम ज्याने ओळखली तो केबलवाला पोरगा नंदुरबारकडचा. सुरतेत या लाइनीत आमच्याकडची पोरं बरीच दिसतात. शेठशी गुजराती, कारागिरांशी हिंदी, हेल्पलाइनशी इंग्रजी आणि माझ्याशी अहिराणी, असं तो शिडीवरून न उतरता बोलतो. मॉड्यूल बदलल्यावर खाली वाकून म्हणाला, "नाना, दिवा पेटना! आते काही चिंता नही." मी वर बघितलं. हिरवा, स्थिर. शेठनी विचारलं, "लुकलुकत का नाही?" पोरगा म्हणाला, "तिकडून कोणी काही पाठवलं तर लुकलुकेल ना, शेठ." तिकडे सगळे जेवायला गेले होते.

महिधरपुऱ्यातल्या शेठचं फायबरशी जे नातं जुळलं ते वेगळंच. जगातल्या दर दहा हिऱ्यांतल्या नवांना पैलू सुरतेत पडतात असं इथला रिक्षावालाही सांगतो. खजोदला त्यासाठी नऊ टॉवरांचा डायमंड बोर्स बांधला, 2023च्या डिसेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं. आमचे शेठ एकदा तिथे जाऊन आले, लिफ्टचं कौतुक केलं आणि परत महिधरपुऱ्याच्या गल्लीत स्कूटरच्या सीटवर पुडी उघडून बसले. अशा माणसाच्या ऑफिसात फायबरवाला पोरगा आला. त्याने पिवळ्या वायरीचं टोक मॉड्यूलमधून काढून हातात धरलं. शेठनी ते सहज त्याच्या हातातून घेतलं, खिशातून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं, एक डोळा मिटला आणि टोक भिंगासमोर धरलं. सवयीचा भाग. या माणसाच्या हातात काही चकाकणारं आलं की हात आपोआप खिशातल्या भिंगाकडे जातो.

"शेठ, डोळा!" पोरगा ओरडला आणि टोक हिसकावून घेतलं.

दुसऱ्या बाजूने लेझर चालू असेल, म्हणाला. शेठ म्हणाले, मला तर काही दिसलं नाही. पोरगा म्हणाला, तेच तर; तो इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. लहान अंतराच्या मॉड्यूलात ताकद फार नसते, पण तारेत काय आहे हे माहीत नसताना बघायचं नाही हा धंद्याचा नियम, आणि भिंग लावून तर मुळीच नाही. शेठ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिसत नाही तो उजेड कसला? आणि त्याचे पैसे कसले?"

पोराने पिशवीतून लाल लेझरचं पेन काढून वायरीच्या एका टोकाला लावलं आणि दुसरं टोक शेठच्या तळहातावर धरलं. लाल ठिपका उमटला. शेठचा चेहरा उजळला. मग दोघांची जी गट्टी जमली ती ऐकण्यासारखी होती. त्या काचेतला उजेड जातो तो गाभा फक्त 9 मायक्रॉनचा, म्हणजे केसाचा सातवा-आठवा भाग. हिरव्या टोपीच्या कनेक्टरचं टोक सरळ नसतं, आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परतणारा उजेड सरळ माघारी येत नाही. घासण्याचा विषय निघाल्यावर शेठ खुर्चीत पुढे सरकले. हिऱ्याच्या खालच्या अंगाचा कोन 41 अंशांच्या आसपास ठेवतात. तो चुकला की उजेड तळातून गळतो आणि हिरा मेलेला दिसतो. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर कारागिराचं काय होतं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं.

खरं म्हणजे दोघं एकाच दुकानचे. दहावीच्या विज्ञानात पूर्ण आंतरिक परावर्तन नावाचा धडा असतो, जो आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि निकालाच्या दिवशी विसरतो. काचेच्या आतून उजेड फार तिरका आला तर तो बाहेर न पडता आतच उलटतो, एवढंच त्यात असतं. हिऱ्यात हा कोन साधारण साडेचोवीस अंशांचा, म्हणून आत शिरलेल्या उजेडाला सहज निसटता येत नाही. कारागीर त्याला वळवून वर आणतो आणि नवरीच्या बोटावर चमकवतो. फायबरवाला त्यालाच पुढे पुढे ढकलत गोडाऊनपर्यंत नेतो. सुरतेचं निम्मं पोट शंभर वर्षांत या एका धड्यावर भरलं आहे, आणि नापास झालेल्यांचंही भरलं आहे.

फायबरच्या मुळाशी पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आहेत. 1954 साली लंडनला हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. 2009चं नोबेल चार्ल्स काओंना मिळालं तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना चुकचुकल्यासारखं झालं. हिशेबनीस म्हणून माझं म्हणणं असं, की काओंच्या खात्यावरही रक्कम खरीच जमा आहे: काचेतली अशुद्धी काढली तर उजेड मैलोन्‌मैल जाईल हे त्यांनी 1966 साली मांडलं. कपानींना 2021 साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्याकडे पुरस्काराची फाइल काचेतून जात नाही.

या नाजूक काचेला सुरतेत जे भोगावं लागतं त्यात उंदीर सगळ्यांत सौम्य. 1994च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी हे शहर घासून काढलं आणि 2023च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. उंदरांनी हा कौल मान्य करून रस्ते सोडले आणि ते फॉल्स सीलिंगमध्ये राहायला गेले. उंदरांहून वाईट म्हणजे नीटनेटकी माणसं. जास्तीची फायबर लोंबकळताना बघवत नाही म्हणून तिचं अंगठ्याएवढं वेटोळं करून रबर बँड लावणारे लोक या शहरात पावलोपावली आहेत, कारण इथे पुडीला रबर लावायची सवय बोटांत आहे. इतक्या घट्ट वळणावर उजेड आतून सुटतो, आणि लिंक बंद पडत नाही, नुसती कुरकुरते. बंद पडली असती तर बरं, निदान कोणी बघितलं असतं.

आणि दिवाळी. चोपडापूजनाला पूर्वी लाल वह्या मांडायचे, आता शेजारी लॅपटॉपही मांडतात आणि त्यावर कुंकवाचा साथियो काढतात. स्विचला कोणी बोलावत नाही. एका वर्षी मात्र साडीवाल्याकडच्या धाकट्या शेठना साफसफाई करताना त्याची दया आली. त्यांनी तो वरून काढला, पुसला आणि पूजेच्या ताटाशेजारी ठेवला. पिवळी वायर टोपी न लावता तशीच शेजारी पडली. महाराजांनी सगळ्यांवर सारख्या भक्तीने कुंकू उधळलं. लाभपाचमेला दुकान उघडलं तर गोडाऊनची लिंक येते-जाते, येते-जाते. पोरगा आला, टोक छोट्या मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला बघायला दिलं. करड्या चकतीच्या बरोबर मधोमध लाल खडक. 9 मायक्रॉनच्या दारात लक्ष्मी स्वतः बसल्यावर उजेड जाणार कुठून?

ते साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. गुजरातेत दारूबंदी, राज्य झाल्यापासूनची. मार्केटच्या वॉचमनने पोराच्या पिशवीतली बाटली गेटवर अडवली होती, लेबलावरचा शेवटचा शब्द त्याला बरोबर वाचता आला होता. पोराने समजावलं की ही प्यायची नाही, काच पुसायची आहे. वॉचमन म्हणाला, सगळे असंच म्हणतात. शेवटी शेठना फोन, शेठचा वॉचमनला फोन आणि बाटली माझ्या जबाबदारीवर वर आली. सही घेतली त्याने माझी.

पण बिनमॅनेजच्या स्विचचा खरा शत्रू कुंकू नाही, वीजही नाही. तो म्हणजे उत्साही कारकून. साडीवाल्याकडे नवा मुलगा लागला, हुशार, टापटिपीचा. त्याने खोक्याबाहेर एक वायर नुसतीच लोंबताना पाहिली. तिचं दुसरं टोक आधीच स्विचमध्ये होतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कोणाची तरी निसटली असेल, म्हणून त्याने ती रिकाम्या दारात बसवली आणि हात झटकले.

पुढे काय झालं ते बघा. कोणीतरी कॉम्प्युटर "प्रिंटर कुठे आहे?" असं सगळ्यांना विचारतो. स्विच तो प्रश्न सगळ्या दारांनी बाहेर पाठवतो. एका दाराने गेलेला प्रश्न त्या वायरीतून वळून दुसऱ्या दाराने परत आत येतो. स्विचला वाटतं नवा प्रश्न आला. तो पुन्हा सगळ्यांना पाठवतो. ईथरनेटच्या पुडक्यावर मुदत छापलेली नसते, त्यामुळे तो प्रश्न मरत नाही, वाढत जातो. सेकंदाला हजारोंनी "प्रिंटर कुठे आहे, प्रिंटर कुठे आहे." याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. राडिया पर्लमन या बाईंनी 1985 साली यावर स्पॅनिंग ट्री नावाचा इलाज शोधून ठेवलेला आहे. मॅनेज्ड स्विचात तो असतो, महागड्या साध्या स्विचांतही आता काहीतरी सोय देतात. शंभर रुपये कमी करून घेतलेल्यात नव्हता.

बिलं थांबली. ई-वे बिल थांबलं. खाली टेम्पोवाला हॉर्न मारू लागला. तीनही कॉम्प्युटरांवर वाळूचं घड्याळ. आणि त्या गदारोळात शेठ कपाटाकडे बघत प्रसन्न उभे होते. खोक्याच्या सगळ्या भोकांतून दिवे वेड लागल्यासारखे एका तालात लुकलुकत होते. "मेहताजी, जुओ!" म्हणाले. "आवो धंधो में दिवाळीमां पण नथी जोयो."

नंतर उत्तरायण आलं. शेठचं गोडाऊन मागच्या गल्लीत, सगरामपुऱ्याच्या बाजूला. फायबर तीन गच्च्या ओलांडून जाते. सुरतेचा मांजा काच लावून घासलेला, तार काचेची, तेव्हा सामना बरोबरीचा होता. मांजाने ती कापली गेली नाही. तिच्यावर एक जांभळी पतंग अडकली आणि कोणाच्या तरी पोरांनी काटेरी फांदी बांधलेली काठी घेऊन ती सोडवली. पतंगीबरोबर फायबरही सुटली. गच्चीवर "काइपो छे!"चा एकच गलका झाला, शेठही हात वर करून ओरडले. दोन मिनिटांनी त्यांच्या फोनवर गोडाऊनचे आठही कॅमेरे काळे झाले. दुकानं दोन दिवस बंद, पोरगाही डिंडोलीत आपल्या गच्चीवर. त्याला फोन लावला तर पलीकडून फक्त भोंगा आणि "ढील दे, ढील दे!" ऐकू येत होतं.

या सगळ्याचा परिणाम म्हणून शेठनी ठरवलं की आता मॅनेज्ड स्विच घ्यायचा. टाय लावलेला एक सेल्समन आला. कॅमेरे वेगळे, बिलिंग वेगळं, पाहुण्यांचं वायफाय वेगळं, सगळं एकाच पेटीत अदृश्य भिंती घालून. त्यातलं कॅमेरे वेगळे ठेवण्याचं म्हणणं मला पटलं. दिवसभर चित्रं वाहणाऱ्या आठ कॅमेऱ्यांना बिलिंगच्या पंगतीत बसवू नये. बाकी आठ-दहा टेबलांच्या ऑफिसला एवढ्या भिंती कशाला, हे मला कळलं नाही. पेटी आली, साडीच्या खोक्यात मावेना, म्हणून शेरवानीचा खोका मागवला. सेल्समनच्या माणसाने दोन तास बसून भिंती घातल्या, पासवर्ड ठेवला आणि महिन्याभरात तो नोकरी सोडून दुबईला गेला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. पिन टोचून कोरं करता येतं म्हणतात, पण मग भिंतीही जातात. तेव्हापासून तो मॅनेज्ड स्विच साध्या स्विचसारखा निमूट काम करतो आहे. कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं की शेठ म्हणतात, "चाले छे ने? तो अडशो नहीं."

मला मात्र त्याला हात लावावा लागलाच, मार्चमध्ये, घसारा धरण्यासाठी. स्विच हा कॉम्प्युटर धरायचा की यंत्रसामग्री? कॉम्प्युटर धरला तर 40 टक्के घसारा, यंत्र धरलं तर 15. हा वाद मुंबईला आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठापुढे गेला होता. 2010 साली निकाल लागला की कॉम्प्युटरबरोबर वापरला जाणारा स्विच कॉम्प्युटरमध्येच धरायचा. हे ऐकून शेठ इतके खूश झाले की त्या पेटीकडे त्यांनी पहिल्यांदा प्रेमाने बघितलं.

"पण शेठ, फेब्रुवारीत घेतलाय," मी म्हटलं. "वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असला की दर निम्मा. यंदा 20च टक्के."

शेठ विचारात पडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेहताजी, त्या टायवाल्याला विचारून बघा ना, बिल सप्टेंबरचं मिळेल का?"